तिसऱ्या पट्टीचा उजेड

सौंसरच्या शाळेत असतानाची गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर, म्हणून बारावीचा तास मजकडे आला. मी मराठीचा माणूस. प्रकाशाशी माझा संबंध काव्यापुरताच! मुलांनी बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरांवरील करड्या, पारदर्शक पट्ट्या सोलून आणल्या होत्या.

प्रकाशलहरीचे कंपन तिच्या वाटेला आडवे, नाना दिशांनी होत असते. अशी पट्टी त्यांतील एकाच दिशेचे कंपन पुढे सोडते. यालाच ध्रुवण म्हणतात. पट्टी निर्दोष मानली, तर साध्या उजेडाचा निम्मा भाग तेथेच अडतो. पुढे दुसरी पट्टी धरून फिरवली, की उरलेला प्रकाश दोहोंमधील कोनाच्या कोज्येच्या वर्गाप्रमाणे घटतो. कोन ६० अंशांचा असता पाव हिस्सा उरतो, ९० अंशांवर काळोख. हा नियम फ्रान्सच्या मालूसचा. १८०८ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर झळकणारे मावळतीचे ऊन स्फटिकातून पाहता पाहता त्याला या विषयाचा धागा गवसला.

दोन पट्ट्या काटकोनात धरून काळोख झाला, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मध्ये तिसरी घातली तर?"

"अगं, अंधारावर आणखी एक पडदा टाकून उजेड कसा होईल?" मी ठासून म्हणालो.

तिने तिसरी पट्टी ४५ अंशांत तिरपी सरकवली मात्र, समोरची खिडकी दिसू लागली! वर्ग हसला. मुख्याध्यापकाचे चुकणे मुलांना फार आवडते.

रात्री वही घेऊन बसलो. पट्टी नुसती अडवत नाही. पार झालेल्या कंपनाला ती आपली दिशा देते. म्हणून मधल्या पट्टीनंतर शेवटचा कोन ९० ऐवजी ४५ अंशांचाच उरतो. शंभरातून पन्नास, पन्नासातून पंचवीस, अखेरीस साडेबारा. तीच पट्टी दोहोंच्या बाहेर धरली, तर मात्र काळोख तसाच. दुसऱ्या दिवशी हा हिशेब फळ्यावर मांडला आणि वर त्या मुलीचे नाव लिहिले.

१९२१ साली समुद्रप्रवासात रामन यांनी निकोल प्रिझममधून पाण्यावरची चकाकी घालवून सागराची अंगची निळाई न्याहाळली होती. हेच रामन १९१० च्या सुमारास आपल्या शेजारच्या नागपुरास सरकारी नोकरीत होते! त्यांचा प्रयोग पांढुर्ण्यास जाम नदीच्या काठीही साधतो. पाण्याकडे तिरपे पाहत पट्टी हळूहळू फिरवावी. चकाकी विरते आणि तळचे गोटे दिसू लागतात. (गोट्यांची आम्हांस वेगळी ओळख आहेच!) सूर्याकडे मात्र या पट्ट्यांतून कदापि पाहू नये. काळोख भासला तरी न दिसणारे उष्ण किरण त्यांतून पार होतात आणि डोळ्यांना इजा करतात.