गरम झऱ्यांच्या वाटेने चांगथांग

लडाखच्या आग्नेयेस पसरलेले चांगथांग हे पठार शीत वाळवंट म्हणून ओळखले जाते. शीत वाळवंट म्हणजे असा प्रदेश, जेथे पर्जन्य अत्यल्प असल्याने जमीन उघडीबोडकी राहते आणि उन्हाच्या काहिलीऐवजी थंडी व विरळ हवा माणसाची परीक्षा पाहतात. लेहमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. अशा कोरड्या मुलखात सिंधूच्या काठी चुमाथांग येथे आणि तिला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या खोऱ्यात पुगा येथे जमिनीतून कढत पाणी वर येते. हे दोन्ही झरे जोडून त्सो कारच्या खाऱ्या सरोवरावरून लेहला परतणारी, साडेतीनशे ते चारशे किलोमीटरच्या दरम्यानची वाट ग्रॅव्हल सायकलस्वारासाठी देशातील सर्वांत अवघड आणि सर्वांत समृद्ध वाटांपैकी एक मानावी लागेल.

या झऱ्यांचे मूळ हिमालयाच्या जन्माशी जोडलेले आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला येऊन भिडला त्या टकरीची खूण असलेल्या पट्ट्याला भूशास्त्रात सिंधू सांधपट्टा म्हणतात, आणि पुगा व चुमाथांग या पट्ट्याच्या लगत आहेत. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी भेगांमधून खोल झिरपते, तेथील तप्त खडकांच्या सान्निध्यात तापते आणि दुसऱ्या भेगांनी वर येताना गंधक, टाकणखार असे पदार्थ विरघळवून सोबत आणते. पुग्याच्या खोऱ्यातील पांढरी पुटे आणि पिवळे डाग ही त्याचीच साक्ष होय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७०च्या दशकात येथे विंधनविवरे घेऊन भूगर्भातील उष्णता मोजली, तर २०२१ मध्ये या उष्णतेपासून वीज निर्माण करण्याच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी ओएनजीसी आणि लडाख प्रशासन यांच्यात करार झाला. पुग्याच्या सर्वांत उष्ण झऱ्यांचे तापमान सुमारे ८४ अंश सेल्सिअस असते, आणि ४,४०० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळते. म्हणजे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्या मराठी प्रवाशाने येथे उगमाशी पाय बुडवण्याचा विचारही करू नये.

मोहिमेच्या आखणीत बहुधा पहिला प्रश्न किती किलोमीटर कापायचे हा असतो. चांगथांगमध्ये मात्र पहिला प्रश्न रात्रीचा मुक्काम किती उंचीवर पडणार हा आहे, कारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी असे पर्वतीय वैद्यक सांगते. हा नियम मोडला तर डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही विरळ हवेच्या आजाराची लक्षणे दिसतात, आणि दुर्लक्ष केल्यास फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठून जीव जाऊ शकतो. मुंबईहून विमानाने येणारा माणूस काही तासांत समुद्रसपाटीवरून ३,५०० मीटरवर पोहोचतो. त्याने कितीही सराव केलेला असला तरी लेहमध्ये पहिले दोन-तीन दिवस सायकलीच्या खोगिरापासून दूर राहावे, आणि अ‍ॅसिटॅझोलामाइडसारखे औषध घ्यायचे की नाही हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

हे ध्यानी घेतले की फेरीची दिशा आपोआप ठरते. लेहहून उपशीमार्गे सिंधूच्या काठाने वर गेल्यास सुमारे ४,००० मीटरवर चुमाथांग येते, तेथे दोन रात्री काढून माहेचा पूल ओलांडला की सुमदोवरून ४,४०० मीटरवरील पुगा गाठता येते, आणि त्यानंतरच सुमारे ४,९७० मीटर उंचीच्या पोलोकोंगका ला या खिंडीचा चढ लागतो (‘ला’ म्हणजे खिंड, ‘त्सो’ म्हणजे सरोवर). निसर्गाने झरे जणू शरीराला विरळ हवेची सवय लागावी अशाच अंतराने मांडले आहेत. उलट दिशेने निघणाऱ्याला उपशी सोडल्यावर लवकरच सुमारे ५,३०० मीटरच्या तागलांग लाला तोंड द्यावे लागते आणि पलीकडची रात्र साडेचार हजार मीटरच्या वर काढावी लागते. नवख्याने तो पर्याय नकाशावरूनच खोडून टाकावा.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि हलके गिअर असलेली, खडी-मातीच्या रस्त्यांसाठी घडवलेली सायकल. सिंधूकाठचा रस्ता डांबरी आहे. तेथून आत वळल्यावर डांबर, खडी, भुसभुशीत वाळू यांची सरमिसळ सुरू होते आणि तिचे प्रमाण सीमा सडक संघटनेच्या कामानुसार दर मोसमात बदलते. कच्च्या भागांत वाहनांच्या चाकांनी जमिनीवर आडव्या लाटा उमटवलेल्या असतात आणि पन्हळी पत्र्यावरून जावे तसे मनगटांना अखंड हादरे बसतात. यासाठी ४५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर, म्हणजे आत ट्यूबऐवजी छिद्र आपोआप बुजवणारे द्रव सीलंट असलेले टायर, बसवावेत, तरीही एक-दोन ट्यूब सोबत ठेवाव्यात. पुढची सर्वांत लहान दातचकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा लहान असावी, कारण समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के दाबाच्या हवेत सामान लादलेल्या सायकलीवरचा साधा चढही घाटासारखा भासतो.

या वाटेवरील सर्वांत फसवी गोष्ट पाणी आहे. झऱ्याचे पाणी थंड करून, गाळून किंवा उकळूनही पिण्यायोग्य होत नाही, कारण गाळणी जंतू अडवते, विरघळलेले बोरॉन आणि फ्लोराइड अडवत नाही. पुग्याचा ओढाही हेच पाणी घेऊन वाहतो आणि त्सो कार तर खारेच आहे. म्हणून वस्त्या, तंबूतली उपाहारगृहे आणि वरच्या उतारांवरून येणारे स्वच्छ ओहोळ यांची टिपणे आधी करून मगच टप्पे ठरवावेत आणि किमान सहा-सात लिटर पाणी वाहण्याची सोय ठेवावी. ८५ अंशांना उकळणाऱ्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, तेव्हा सत्तू किंवा लडाखी त्सांपा, म्हणजे भाजलेल्या सातूचे पीठ, हेच खरे प्रवासाचे अन्न. स्टोव्हसाठी लागणारी गॅसची कुपी विमानात नेता येत नाही, ती लेहमध्येच पाहावी लागते.

स्नान करायचे तर चुमाथांगला, जेथे उष्ण पाणी थंड पाण्यात मिसळून वापरण्याची सोय आहे. पुग्यात उगमाभोवतीचा पापुद्रा पातळ असून त्याखाली कढत चिखल असू शकतो, शिवाय तेथे वाढणारे सूक्ष्मजीवांचे रंगीत थर पायाखाली चिरडले जातात, म्हणून मळलेली वाट सोडू नये. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि थकलेल्या, पाणी कमी झालेल्या शरीराला उंचीवर भोवळ येते. थोडा वेळ बसावे, आधी पाणी प्यावे आणि एकट्याने उतरू नये. हे खोरे चांगपा पशुपालकांचे आहे, त्यांच्या शेळ्यांपासून पश्मिना मिळते आणि त्यांच्या मुलांसाठी पुग्यात निवासी शाळा आहे; त्यांच्या कुरणात किंवा पाणवठ्याजवळ तंबू ठोकण्यापूर्वी विचारणे ही किमान सभ्यता होय. त्सो कारच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या पाणथळीत सायकल घालणे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ योग्य, तरी सरोवराकाठी रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. दुपारनंतर वारा सुटतो आणि बर्फाच्या पाण्याने ओहोळ फुगतात, म्हणून पहाटे निघून दुपारपर्यंत मुक्काम गाठावा. वस्त्यांजवळ भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात; त्या दिसताच सायकलवरून उतरून ती आडवी धरावी. सीमाभागातील परवाने व शुल्क यांचे नियम बदलत असल्याने लेहमध्येच खात्री करावी. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड मोबाइल लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडलाही अनेक टप्प्यांत संपर्क मिळत नाही, आणि परदेशांत सर्रास वापरली जाणारी उपग्रह-संदेशयंत्रे भारतात सरकारी परवानगीविना बाळगणे बेकायदा आहे, हे परदेशस्थ मराठी सायकलस्वारांनी विशेष लक्षात ठेवावे. परिणामी मदत मागवण्याच्या भरवशावर राहता येत नाही आणि माघारीचा निर्णय पुग्यातच घ्यावा लागतो: सकाळी डोके दुखत असेल तर पोलोकोंगका लाकडे न वळता माहेच्या दिशेने उतरावे, कारण तेथपर्यंतचा रस्ता उताराचा आहे आणि पुढे त्सो कारपासून लेहकडे जाणारा मुख्य मार्ग आधी तागलांग लावर चढतो.