गालिचा गेला, ओल राहिली

पानशेतच्या किंवा भाटघरच्या पाण्याकाठी बांधलेली एखादी खोली ऑगस्टमध्ये आठवड्याभराने उघडली, की डोळ्यांआधी नाकाला कळते. कोंदट, बुरसट वास येतो आणि पाठोपाठ शिंका सुरू होतात. शनिवारी आलेले कुटुंब खिडक्या उघडते, गालिच्यावर बैठक मारून चहा घेते आणि रात्री दोनला दम्याच्या मुलाला धाप लागते. ‘हवा बदलली, म्हणून झालं,’ असे सगळे म्हणतात. हवा बदललेली असतेच. मात्र ती डोंगरावरची नव्हे, खोलीतली.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे सह्याद्रीला टेकलेले तालुके. राजगड-तोरण्याच्या पायथ्यापासून वरंध घाटापर्यंत पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत, गोधड्या गार लागतात, भिंतीला लावलेल्या कपाटामागे बुरशी चढते. त्यात १९२८च्या भाटघरपासून अलीकडच्या गुंजवणीपर्यंत धरणांची पाणथळ. या पाण्याच्या ओढीने इथे फार्महाउस आणि पर्यटकांच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी काहींत शोभेसाठी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचे अंथरले गेले. गावातल्या घरांतही सारवलेली जमीन जाऊन कोबा, शहाबादी, मग टाइल्स आल्या. त्यांचा गारवा पायाला सोसत नाही, म्हणून वर जुनी सतरंजी नाहीतर प्लॅस्टिकची चटई येते.

आता गालिचे काढून लाकडासारख्या दिसणाऱ्या विनाइलच्या पट्ट्या बसवण्याकडे कल आहे. बोटीच्या केबिनमध्येही हाच बदल होतो. खाली पाणी, चहूकडे दमट हवा आणि मध्ये लहानशी बंद खोली. धरणाकाठची कुलूपबंद खोली पावसाळ्यात याहून फार वेगळी नसते. बदल योग्य आहे का? बहुतेक वेळा आहे. पण तो कशावर बसवला जातो, यावर सारे अवलंबून आहे.

गालिच्यात कोण राहते?

गालिच्याच्या धाग्यांत धूळ, अन्नाचे कण, पाळीव प्राण्यांचे केस आणि आपल्याच त्वचेचा कोंडा साचतो. हा कोंडा हेच डस्ट माइट या सूक्ष्म जिवाचे अन्न. कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा आणि मिलिमीटरच्या पाव भागाएवढा हा जीव नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. तो चावत नाही, रोग पसरवत नाही. त्याच्या विष्ठेच्या कणांतली प्रथिने मात्र अनेकांना ॲलर्जी देतात. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचा हा मोठा गुन्हेगार १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी ओळखला.

माइट पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा अंगात शोषून घेतो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली तर तो सुकून मरतो. ७० ते ८० टक्क्यांत त्याची भरभराट होते. घाटालगतच्या पावसाळ्यात त्याला आणखी काही मागावे लागत नाही. ओला गालिचा बुरशीलाही तितकाच मानवतो. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, घरघर आणि दमा यांचे प्रमाण जास्त आढळते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली आपल्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे.

विनाइलच्या गुळगुळीत पृष्ठभागावर माइटला लपायला जागा नाही, धूळ दिसते आणि ओल्या फडक्याने निघते. मात्र कडक जमिनीवरची धूळ चटकन उडतेही. तिथे कोरडा झाडू जोरात फिरवला तर गालिच्यात दडलेली धूळ निदान तिथेच राहत होती, असे म्हणण्याची वेळ येते. म्हणून आधी ओले फडके, मगच गरज असेल तर झाडू.

पट्टीखाली काय चालते?

जमिनीतून वर चढणारी ओल पूर्वी सारवणातून, कोब्यातून हवेत निघून जात असे. विनाइल पाणी आरपार जाऊ देत नाही. ओलसर कोब्यावर ते अंथरले, की वाफेची वाट बंद होते आणि पाणी खालीच अडकते. वरून खोली चकचकीत, खाली काळी बुरशी. वर्षाभरात पट्ट्यांच्या कडा उचलतात, सांध्यांतून तोच जुना वास येऊ लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते असे.

आणखी एक रासायनिक अडचण आहे. काही विनाइलमध्ये मऊपणासाठी थॅलेट गटातली रसायने घालतात. ओल्या सिमेंटच्या क्षारतेने त्यांचे विघटन होऊन इथाइल-हेक्झॅनॉल नावाचे द्रव्य हवेत सुटू शकते. स्वीडनमध्ये वृद्धांच्या रुग्णालयांतल्या ओल्या जमिनी तपासल्या, तेव्हा अशा इमारतींतल्या कर्मचाऱ्यांत दम्याची लक्षणे अधिक दिसली. तिथेच २००४ साली सुमारे ४०० मुलांच्या अभ्यासात झोपण्याच्या खोलीच्या धुळीतली थॅलेट आणि दमा, इसब यांच्यात संबंध आढळला. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे; त्यामुळे घाबरून जाण्याची गरज नाही. पण थॅलेटविरहित माल आहे का, हे दुकानदाराला विचारायला पैसे पडत नाहीत. एकमेकांत अडकणाऱ्या, गोंद न लागणाऱ्या पट्ट्या घेतल्या तर गोंदाच्या वाफाही टळतात.

आधी ओल शोधा

याची परीक्षा घरच्या घरी होते. गालिचा उचलून जमीन पुसून कोरडी करावी. हात-दीड हात लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा कोब्याचा रंग गडद झाला, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर दोष खोलीतल्या दमट हवेचा आहे. ही परीक्षा पावसाळ्यात घ्यावी. मे महिन्यात कोरडी दिसणारी जमीन जुलैत खोटी ठरू शकते.

उपाय बहुधा खोलीबाहेर सापडतो. पागोळ्यांचे पाणी जोत्यालगत मुरते का? डोंगराच्या बाजूच्या भिंतीमागे चर काढलेला आहे का? मोरीचा पाइप भिंतीत पाझरतो का? हे आधी दुरुस्त करावे, जमीन उन्हाळाभर सुकू द्यावी आणि पट्ट्या होळीनंतर, पावसापूर्वी बसवाव्यात. दमट हवेसाठी समोरासमोर खिडक्या, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा आणि ओले कपडे शक्यतो पडवीत वाळत घालणे हे साधे मार्ग आहेत. जमिनीतून येणारी ओल थांबतच नसेल, तर विनाइलचा हट्ट सोडून शहाबादी किंवा टाइल्स उघड्या ठेवणे आणि वर उन्हात टाकता येईल अशी पातळ सतरंजी वापरणे शहाणपणाचे.

जुना गालिचा काढण्याचा दिवस दम्याच्या रुग्णाने घराबाहेर घालवावा. काढणाऱ्याने एन-९५ मास्क बांधावा. गालिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारून, तो न झटकता गुंडाळावा आणि थेट बाहेर न्यावा. खाली बुरशी दिसली तर साबणाच्या पाण्याने घासून जमीन पूर्ण सुकवावी. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना जाळतो. घरात म्हातारी माणसे असतील तर पायाला पकड देणाऱ्या खरखरीत पट्ट्या निवडाव्यात. नितळ विनाइलवर सांडलेले पाणी आणि मोडलेले खुब्याचे हाड यांच्यात अंतर फार नसते.

फरशी म्हणजे औषध नव्हे

जमीन बदलली की दमा जाईल, ही आशा मात्र ठेवू नये. माइट कमी करण्याच्या उपायांवरील ५०हून अधिक चाचण्या २००८ साली एकत्र तपासल्या, तेव्हा केवळ या उपायांनी दमा लक्षणीय सुधारल्याचे दिसले नाही. पुढे २०१७ साली इंग्लंडमध्ये माइटची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या गाद्या-उशांना माइटरोधक खोळी घातल्या, तेव्हा दम्याच्या झटक्याने रुग्णालयात धाव घेण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे आधी कळले पाहिजे. आणि जमिनीपेक्षा नाकाजवळची गादी, उशी आणि गोधडी अधिक महत्त्वाची. उघडीप मिळाली की त्या कडक उन्हात टाकाव्यात. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुवावेत. चुलीचा धूर आणि घरातली बिडी-सिगारेट तशीच राहिली, तर नव्या फरशीचा खर्च वाया जातो.

डॉक्टरांनी दिलेला पंप नवी जमीन बसवली म्हणून बंद करू नये. पंपाची सवय लागते हा समज चुकीचा आहे. तो औषध थेट श्वासनलिकेत आणि थोड्या मात्रेत पोहोचवतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर ‘ॲलर्जीच असेल’ असे धरून न चालता प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगही असाच सुरू होतो. आणि एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंप घेऊनही धाप थांबत नसेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करावा. घाटातल्या रस्त्यावर पावसात लागणारा वेळ आधीच हिशेबात धरलेला बरा.

गालिचा काढायचा तर जरूर काढावा. पण नव्या पट्ट्यांचा रंग निवडण्याआधी एकदा घराला बाहेरून, भर पावसात प्रदक्षिणा घालावी. पाणी कुठून येते ते तिथेच दिसेल.