आधी लगीन रायबाचं

२५ एप्रिल २०२१, रविवार. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर दिल्ली कॅपिटल्स आणि सनरायझर्स हैदराबाद, दोघांच्याही १५९ धावा झाल्या. सामना सुपर ओव्हरपर्यंत ताणला गेला आणि दिल्लीने तो काढला. स्टेडियममध्ये प्रेक्षक नव्हते, होत्या त्या रिकाम्या खुर्च्या. आमच्या सोसायटीत त्या आठवड्यात तीन घरं बंद होती आणि भिंतीपलीकडे कुणीतरी सतत खोकत होतं, म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवला होता. सामना संपल्यावर काही वेळाने दिल्लीच्या रविचंद्रन अश्विनने ट्विटरवर जाहीर केलं, की उद्यापासून तो यंदाच्या आयपीएलमधून बाहेर पडतोय. घरचे आणि नातलग कोविडशी झुंजताहेत आणि अशा वेळी त्याला त्यांच्यासोबत राहायचंय.

अश्विन चेन्नईचाच. मैदान आणि घर एकाच शहरात, आणि मधे बायो-बबलची न दिसणारी भिंत. खेळाडूंनी हॉटेल, बस आणि मैदान एवढ्यातच राहायचं, बाहेरच्या माणसाला भेटायचं नाही, दर थोड्या दिवसांनी नाकात काडी घालून चाचणी द्यायची. या व्यवस्थेला बबल म्हणत. इकडे घरातली सहा मोठी माणसं आणि चार मुलं एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आल्याचं त्याच्या पत्नीने नंतर सांगितलं. त्या दिवसांत आठ-नऊ रात्री आपल्याला झोप नव्हती, तशाच अवस्थेत आपण सामने खेळत होतो, असं अश्विनही पुढे बोलला. त्याच आठवड्यात पंच नितीन मेनन यांनीही स्पर्धा सोडली. त्यांची आई आणि पत्नी दोघीही आजारी होत्या. ४ मे रोजी स्पर्धाच थांबवावी लागली.

आपल्याकडे ‘आधी लगीन कोंडाण्याचं, मग माझ्या रायबाचं’ हे वाक्य लहानपणीच कानावर पडतं आणि ते अंगात इतकं भिनतं, की घरासाठी काम सोडणारा माणूस आपल्याला जरा उणाच वाटतो. पण मुलगा रायबाचं लग्न बाजूला ठेवून तानाजी मालुसरे गेले ते स्वराज्याच्या गडासाठी. वीस षटकांचा सामना म्हणजे कोंडाणा नव्हे. महामारीच्या त्या दोन हंगामांत जगभरच्या अनेक खेळाडूंनी ‘आधी रायबाचं’ असं सांगितलं. त्यांनी काय सोडलं, त्यांना ते का सोडता आलं आणि ज्यांना सोडता आलं नाही त्यांचं काय झालं, हे नीट बघण्यासारखं आहे.

यातली मला सर्वांत जवळची वाटते ती गोष्ट अमेरिकेतल्या बेसबॉलची. बस्टर पोसी हा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. फलंदाजामागे तासन् तास उकिडवं बसायचं, चेंडू झेलायचे आणि कुठला चेंडू टाकायचा हे गोलंदाजाला खुणेने सांगायचं. २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन वर्ल्ड सीरिज, म्हणजे तिथली विजेतेपदं, त्याने जायंट्ससोबत जिंकल्या, २०१२मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या गावात त्याचं स्थान काय, हे समजायला मुंबईत तेंडुलकर आठवावा.

२०२०मध्ये महामारीमुळे बेसबॉलच्या मेजर लीगचा १६२ सामन्यांचा हंगाम ६० सामन्यांवर आला. २३ जुलैला खेळ सुरू होणार होता. जुलैच्या सुरुवातीला पोसी आणि त्याच्या पत्नीने दोन मुली दत्तक घेतल्या. एकसारख्या जुळ्या, सुमारे आठ आठवडे आधी जन्मलेल्या. त्यांना नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. ज्यांनी अपुऱ्या दिवसांचं बाळ पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. काचेच्या पेटीतला तळहाताएवढा जीव, नळ्या, आणि शेजारच्या यंत्रावर सारखा वर-खाली होणारा आकडा. अशा बाळाला हात लावायचा तर आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. बाप रोज चाळीस-पन्नास माणसांच्या ड्रेसिंगरूममधून घरी येणार असेल, तर एक तर त्याने बाळांपासून महिनोन् महिने दूर राहायचं किंवा हंगाम सोडायचा. डॉक्टरांशी बोलून पोसीने १० जुलैला हंगाम सोडल्याचं जाहीर केलं. घरात आधीची एक जुळी भावंडं होतीच.

आता पैशांचं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात ठरलं होतं, की ज्याला स्वतःला एखाद्या आजारामुळे कोविडचा धोका जास्त आहे, अशा खेळाडूने माघार घेतली तर त्याला हक्काने पगार मिळेल. बाकीच्यांना माघारीची मुभा होती, पण पगारावर पाणी सोडून. म्हणजे नियमाने खेळाडूचं शरीर पाहिलं, त्याच्या घरातल्या माणसांची शरीरं पाहिली नाहीत. पोसीचा पूर्ण हंगामाचा पगार २ कोटी १४ लाख डॉलर होता. ६० सामन्यांच्या हिशेबाने त्यातले सुमारे ७९ लाख डॉलर मिळणार होते, ते त्याने सोडले. त्या वेळच्या दराने ही रक्कम साठ कोटी रुपयांच्या आसपास भरते.

वॉशिंग्टन नॅशनल्सच्या रायन झिमरमनची गोष्ट वेगळ्या अंगाने जाते. २००५मध्ये हा संघ वॉशिंग्टनला आला तेव्हापासून तो तिथे होता आणि २०१९मध्ये संघाने पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज जिंकली. पुढचा हंगाम म्हणजे त्या विजेतेपदाचा मान मिरवायचा हंगाम. पण त्याच्या आईला अनेक वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जासंस्थेच्या या आजारासाठी त्याने २००६मध्येच एक संस्था उभी केली होती. त्यात घरात नवं, तिसरं बाळ. खेळलो तर आईला किती महिने भेटता येणार नाही, याचा हिशेब त्याने मांडला आणि जूनच्या शेवटी तो बाजूला झाला. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डेव्हिड प्राइस तर नव्या संघाकडून एकही चेंडू न टाकता कुटुंबासाठी घरी थांबला. त्याने जवळपास १ कोटी १८ लाख डॉलर सोडले. त्याआधी जूनमध्ये त्याने डॉजर्सच्या खालच्या लीगमधल्या खेळाडूंना प्रत्येकी हजार डॉलर स्वतःच्या खिशातून दिले होते. त्या मुलांकडे सोडायला लाखो डॉलर नव्हते, त्यांना महिन्याचं भाडं भरायचं होतं.

संघांचं काय झालं? डॉजर्स प्राइसशिवाय वर्ल्ड सीरिज जिंकले. जायंट्स पोसीशिवाय २९ सामने जिंकून आणि ३१ हरून बाद फेरीला थोडक्यात मुकले. पुढच्या वर्षी पोसी परतला, त्याची फलंदाजीची सरासरी .३०४ झाली आणि जायंट्सने १०७ सामने जिंकून संघाचा विक्रम केला. त्याच नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली. करारानुसार आणखी एक वर्ष खेळून २ कोटी २० लाख डॉलर मिळवणं शक्य होतं. आज तो जायंट्सच्या बेसबॉल कारभाराचा प्रमुख म्हणून बसला आहे. घरी थांबलेला खेळाडू खेळापासून तुटतो, असं म्हणणाऱ्यांना हे एवढं उत्तर पुरे.

क्रिकेटकडे येऊ. जून २०२०मध्ये वेस्ट इंडीजचा संघ खास विमानाने इंग्लंडला गेला. महामारी सुरू झाल्यानंतरचं पहिलं कसोटी क्रिकेट तिथे होणार होतं आणि इंग्लंडमध्ये तेव्हा मृत्यूंचे आकडे भीतिदायक होते. डॅरेन ब्राव्हो, शिमरॉन हेटमायर आणि कीमो पॉल यांनी जायला नकार दिला. पॉल हा गयानाचा तरुण अष्टपैलू, मोठ्या कुटुंबात एकटा कमावता. मला काही झालं तर घर कसं चालेल, हा त्याचा प्रश्न. आपल्या ओळखीचा आहे हा प्रश्न. परगावी नोकरीला असलेल्या कितीतरी मुलांनी त्या उन्हाळ्यात तो स्वतःला विचारला असेल. मंडळाने तिघांनाही आधीच सांगून टाकलं होतं, की नकार दिला म्हणून पुढच्या निवडीत अडचण येणार नाही. मला हे एक वाक्य मोठमोठ्या सन्मानांपेक्षा मोलाचं वाटतं. सहा महिन्यांनी बांगलादेश दौऱ्याला तर कर्णधार जेसन होल्डरसह दहा जणांनी कोविडची भीती किंवा वैयक्तिक चिंता सांगून नकार दिला. नवखा संघ गेला. चितगावला ३९५ धावांचा पाठलाग करताना काइल मेयर्सने पहिल्याच कसोटीत नाबाद २१० धावा केल्या आणि वेस्ट इंडीजने मालिका २-० अशी जिंकली.

इंग्लंडच्या त्याच उन्हाळ्यात जो रूट दुसऱ्या बाळाच्या जन्मासाठी पहिली कसोटी सोडून घरी थांबला. कर्णधारपद बेन स्टोक्सकडे आलं आणि इंग्लंड हरलं. पुढे ऑगस्टमध्ये पाकिस्तानविरुद्धची पहिली कसोटी झाल्यावर स्टोक्स स्वतःच मालिका सोडून न्यूझीलंडला गेला. ख्राइस्टचर्चला त्याचे वडील जेड मेंदूच्या कर्करोगाने आजारी होते. न्यूझीलंडचा सक्तीचा चौदा दिवसांचा विलगीकरण काळ काढून मगच त्याला ते भेटले. हे जेड स्टोक्स रग्बी लीगचे खेळाडू. त्यांच्या हाताचं मधलं बोट सारखं निखळायचं आणि त्यापायी खेळ थांबायचा, म्हणून त्यांनी ते कापूनच घेतलं होतं. खेळासाठी बोट देणाऱ्या बापाच्या उशाशी बसायला मुलगा खेळ सोडून गेला. ऑक्टोबरमध्ये तो आयपीएलला आला आणि मुंबई इंडियन्सविरुद्ध अबूधाबीला नाबाद १०७ धावा केल्यावर त्याने मधलं बोट दुमडून हात वर केला. मुंबई हरत असतानाही तो हात पाहून आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. ८ डिसेंबरला जेड गेले.

आणि मोहम्मद सिराज. २० नोव्हेंबर २०२०ला हैदराबादमध्ये त्याचे वडील मोहम्मद घौस वारले. रिक्षा चालवून त्यांनी मुलाला क्रिकेट खेळू दिलं होतं. सिराज ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी सिडनीत विलगीकरणात होता. भारतीय मंडळाने त्याला घरी परतण्याची मुभा दिली, त्याने राहायचं ठरवलं. जानेवारीत सिडनी कसोटीत राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे डोळे भरून आलेले सगळ्यांनी पाहिले, आणि ब्रिस्बेनला त्याने डावात पाच बळी घेतले. त्याचा निर्णय पोसीच्या निर्णयापेक्षा उणा नाही आणि थोरही नाही. त्याच्यापुढे निवड होती आणि ती त्याने केली, एवढं महत्त्वाचं. पण कसोटी पदार्पणाच्या उंबरठ्यावर उभ्या मुलाला ‘परत जातो’ म्हणणं किती अवघड असेल, हेही मनात येतंच.

कारण त्याच दौऱ्यावर विराट कोहली पहिली कसोटी खेळून, पहिल्या बाळाच्या जन्मासाठी रजा घेऊन परतला. ती रजा मंडळाने दौऱ्याआधीच मंजूर केली होती. त्यात काही चुकलं नाही, आणि ज्यांनी त्याला देशभक्तीचे धडे दिले त्यांचं मात्र चुकलं. पण सुनील गावसकरांनी तेव्हा स्तंभात एक रास्त मुद्दा मांडला. टी. नटराजनची मुलगी आयपीएल चालू असताना जन्मली. तो दुबईतून परस्पर ऑस्ट्रेलियाला गेला, आणि तेही सरावापुरता गोलंदाज म्हणून. पुढे त्याच दौऱ्यात तिन्ही प्रकारांत त्याचं पदार्पण झालं हे खरं, पण मुलगी त्याने जानेवारीत, मालिका संपवून घरी गेल्यावर पाहिली. मोठ्या नावाला रजा मागता येते, धाकट्याला मागायची हिंमत होत नाही. गावसकरांना हे आतून ठाऊक होतं. १९७६मध्ये त्यांच्या मुलाचा, रोहनचा जन्म झाला तेव्हा ते स्वतः परदेश दौऱ्यावर होते.

कोहली गेला तेव्हा संघ ॲडलेडला ३६ धावांत बाद झालेला होता. धुरा आली आपल्या अजिंक्य रहाणेकडे. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या, सामना आठ गडी राखून जिंकला आणि १९ जानेवारीला ब्रिस्बेनमध्ये मालिका २-१ अशी खिशात घातली. याच अजिंक्यची मुलगी ऑक्टोबर २०१९मध्ये जन्मली तेव्हा तो विशाखापट्टणमला कसोटी खेळत होता. एकजण घरी गेला म्हणून दुसऱ्याला उभं राहायची जागा मिळाली, आणि ती भरून काढणारा माणूस घरापासून दूर राहण्याची किंमत जाणत होता.

या सगळ्यातून मला दिसतं ते असं, की खेळाडूचं मन मोठं असून भागत नाही, कागदावर नियम लागतो. बेसबॉलमध्ये बाळाच्या जन्मासाठी नियमाने रजा मिळू लागली ती थेट २०११मध्ये, आणि तीही फक्त एक ते तीन दिवसांची. क्रिकेटमध्ये याबाबतीत एक चांगलं पाऊल आपल्या शेजाऱ्यांनी टाकलं. मे २०२१मध्ये, महामारी ऐन भरात असताना, पाकिस्तानच्या मंडळाने महिला खेळाडूंना बाळंतपणासाठी बारा महिन्यांची पगारी रजा आणि पुरुषांना तीस दिवसांची पगारी रजा लेखी जाहीर केली. मार्च २०२२मध्ये न्यूझीलंडला विश्वचषक झाला, तेव्हा पाकिस्तानची कर्णधार बिस्माह मारूफ सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. बाळाला सांभाळायला सोबत तिची आई होती. भारताकडून हरल्यावर ती मुलीला कडेवर घेऊन उभी राहिली, आणि आपल्या संघातल्या मुली त्या बाळाभोवती गोळा झाल्या.