शेअर केलेली फाइल ‘लॉक’ दाखवतेय? ती कोणी उघडून ठेवलीय, हे असं शोधा

पावसाळ्यात साताऱ्याच्या बातम्यांमध्ये रोज तीन नावं एकत्र येतात: कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर. तिथं किती मिलिमीटर पाऊस झाला, १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या कोयना धरणात किती पाणी आलं आणि किती सोडलं, याकडे पाटणपासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत सगळ्यांचं लक्ष असतं.

आता समजा, कोयनानगरमधल्या एखाद्या ऑफिसात असेच आकडे नेटवर्कवरच्या एका एक्सेल फाइलमध्ये भरले जातात. सकाळची नोंद करायला एकाने फाइल उघडली, तर संदेश आला की ती दुसऱ्या कोणीतरी एडिटिंगसाठी लॉक केली आहे. मग तो काय करतो? जे आपण सगळेच करतो. ‘फायनल २’ नावाने प्रत सेव्ह करतो आणि कामाला लागतो. दुपारपर्यंत मूळ फाइलमध्ये एक आकडा आणि ‘फायनल २’मध्ये दुसरा. वरिष्ठांनी फोनवर विचारलं, तर सांगायचा कोणता?

उदाहरण काल्पनिक आहे, पण पतसंस्था, शाळेचं ऑफिस, कर सल्लागाराचं दुकान, जिथं जिथं एका कॉम्प्युटरवरचा फोल्डर चारजण वापरतात, तिथं हा घोळ ओळखीचा आहे. फाइल नेमकी कोणाकडे उघडी आहे हे दोन मिनिटांत कळलं, तर ‘फायनल २’ जन्मालाच येत नाही.

संदेशातलं नाव खरं असतं का?

एक्सेल किंवा वर्डची फाइल उघडली की त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल तयार होते. तिच्या नावाची सुरुवात टिल्ड आणि डॉलर या चिन्हांनी होते आणि आत उघडणाऱ्याचं नाव असतं. लॉकच्या संदेशात दिसतं ते हेच नाव. गंमत अशी की ते विंडोजच्या लॉगिनमधून न येता, बहुतेक वेळा ऑफिस इन्स्टॉल करताना भरलेल्या नावातून येतं. एकाच दुकानदाराने पाचही मशिन बसवून दिली असतील, तर पाचही जण ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘यूजर’. कधी कधी तर दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या क्लार्कचं नाव झळकतं आणि लोक त्याला फोन लावतात! त्यामुळे या नावावर विसंबू नका.

खरी यादी कुठे मिळते?

जो कॉम्प्युटर फोल्डर शेअर करतो, त्याच्याचकडे. तुमच्या मशिनवर कितीही शोधलंत तरी ती दिसणार नाही. त्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून बसा, ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा आणि डावीकडे ‘शेअर्ड फोल्डर्स’मध्ये जा. तिथं तीन भाग दिसतील. ‘शेअर्स’ म्हणजे काय काय शेअर केलंय, ‘सेशन्स’ म्हणजे आत्ता कोण जोडलेलं आहे आणि ‘ओपन फाइल्स’ म्हणजे कोणती फाइल कोणी उघडली आहे. यादीत नुसते फोल्डरही येतात, कारण कोणी फोल्डर चाळत असेल तर तेही मोजलं जातं. आपल्या फाइलची ओळ शोधा आणि ‘ओपन मोड’च्या रकान्यात ‘राइट’ आहे का बघा. लॉक सहसा त्याचाच असतो.

सगळे एकाच यूजरनेमने लॉगिन करत असतील (छोट्या ऑफिसांत हे सर्रास चालतं), तर नावावरून काही कळणार नाही. अशा वेळी पॉवरशेलमधली ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ ही कमांड कामी येते, कारण ती फाइलसोबत जोडलेल्या कॉम्प्युटरचं नाव किंवा आयपी पत्ताही दाखवू शकते. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. प्रत्येक मशिनवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर पुढचं काम पाच पावलांचं आहे. फोल्डर लिनक्स मशिनवर सांबा वापरून शेअर केला असेल, तर तिथं ‘एसएमबीस्टेटस’ ही कमांड हेच सांगते.

यादी रिकामी असूनही फाइल लॉक आहे? मग बहुधा ती त्या मुख्य कॉम्प्युटरवरच कोणीतरी थेट उघडली आहे. ही यादी फक्त नेटवर्कवरून आलेल्यांची असते. उलट नोटपॅड फाइल वाचून लगेच सोडून देतो, त्यामुळे समोर उघडी दिसणारी टेक्स्ट फाइल यादीत नसू शकते.

‘क्लोज ओपन फाइल’ दाबू का?

ओळीवर राइट क्लिक केलं की हा पर्याय येतो आणि मोह होतो. पण समोरच्या माणसाने तासभर भरलेले, सेव्ह न केलेले आकडे त्यात वाया जाऊ शकतात. आधी फोन करा, हाक मारा. लाइट गेली, वायफाय तुटलं किंवा लॅपटॉप तसाच मिटून कोणी घरी गेलं, की माणूस नसतानाही फाइल काही काळ उघडी दिसत राहते. तिथं मात्र हे बटण योग्य आहे. त्यानंतरही एक्सेल अडून बसलं, तर मागे राहिलेली ती टिल्ड-डॉलरवाली फाइल काढावी लागते. मूळ फाइल कोणाकडेच उघडी नाही याची खात्री झाल्यावरच.

या यादीचा आणखी एक उपयोग आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या मालवेअरचा जगभर हल्ला झाला, तेव्हा न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं होतं. हा मालवेअर पसरण्याचा एक मार्ग विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून जात होता. आजही अनेक रॅन्समवेअर शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फाइल्स कुलूपबंद करतात. एकाच मशिनवरून धडाधड फाइल्स ‘राइट’ मोडमध्ये उघडताना दिसल्या, तर चौकशी नंतर, आधी त्या मशिनची नेटवर्क केबल काढा.

मात्र ही यादी फक्त या क्षणाची असते. काल संध्याकाळी फाइल कोणी उघडली होती, हे त्यात सापडत नाही. त्यासाठी विंडोजमधलं ‘ऑडिट’ आधीपासून चालू असावं लागतं, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिक्युरिटी’ विभागात नोंदी राहतात. पण फोल्डर गजबजलेला असेल तर या नोंदी भराभर साचतात. म्हणून अख्ख्या ड्राइव्हवर न लावता, ज्यावर खरोखर वाद होतो तेवढ्याच फोल्डरवर ऑडिट लावा.