समरकंदचे 'रेगिस्तान' : जुने किती, नवे किती?

'रेगिस्तान' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट उभे राहते. उझबेकिस्तानातील समरकंद शहरात मात्र हे एका चौकाचे नाव आहे. फारसीत 'रेग' म्हणजे वाळू. वाळूची जागा ते रेगिस्तान. येथे बाजार भरत असे, शाही फर्माने वाचून दाखविली जात असत. आज या चौकाच्या तीन बाजूंना तीन मदरसे उभे असून चौथी बाजू मोकळी आहे.

पश्चिमेकडील सर्वांत जुना मदरसा तैमूरचा नातू उलुघ बेग याने १४१७ ते १४२० या काळात बांधला. हा राजा खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्या वेधशाळेत हजारांहून अधिक ताऱ्यांची सूची तयार झाली. अठराव्या शतकात जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंहानेही त्याच्या सारण्यांचा आधार घेतला. १४४९ मध्ये मात्र पुत्राशी झालेल्या सत्तासंघर्षात उलुघ बेगची हत्या झाली.

त्यानंतर सुमारे दोन शतकांनी समरकंदचा अधिपती यलंगतोश बहादूर याने समोरच्या बाजूला 'शेरदोर' मदरसा (१६१९-३६) बांधला. त्याच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघासारखे प्राणी आणि त्यांच्या पाठीवर मानवी चेहऱ्याचा सूर्य आहे. धार्मिक वास्तूंवर सजीवांच्या आकृती टाळण्याचा इस्लामी संकेत पाहता हे धाडसच म्हणावे लागेल. १६४६ मध्ये सुरू झालेल्या 'तिल्याकोरी' मदरशाने तिसरी बाजू पूर्ण केली. मशिदीच्या अंतर्भागातील सोनेरी नक्षीकामावरून त्याला हे नाव मिळाले.

भूकंप आणि उपेक्षा यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी या वास्तूंची दुर्दशा झाली होती. उलुघ बेग मदरशाचा कललेला एक मिनार सोव्हिएत अभियंत्यांनी १९३२ मध्ये न पाडता सरळ केला. जतनकार्यातील तो विलक्षण प्रयोग ठरला. परंतु तिल्याकोरीचा आज छायाचित्रांत झळकणारा निळा घुमट विसाव्या शतकातील पुनर्बांधणीचा आहे. जुन्या छायाचित्रांत तो दिसत नाही.

२००१ मध्ये युनेस्कोने समरकंदला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. कोसळू पाहणारा मिनार सावरणे हे जतन. पण नसलेला घुमट चढविणे हेही जतनच का? ऐतिहासिक वास्तूंचे नूतनीकरण करणाऱ्या प्रत्येक शहराने स्वतःला विचारावा, असा हा प्रश्न आहे.