तुमचा ‘मृत साठा’ किती?

पगार एक तारखेला जमा झाल्याचा मेसेज येतो, बरं वाटतं ना? आता समजा, पुढचे तीन महिने तो मेसेज आलाच नाही तर?

आम्हा लातूरकरांना हा प्रश्न पाण्याने विचारून झालाय. मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली ‘जलदूत’ रेल्वे आली. १० वॅगन, सुमारे ५ लाख लिटर पाणी. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत होती ३ लाख ८२ हजार. म्हणजे माणशी जेमतेम सव्वा लिटर! बाहेरची मदत येते, पण उशिरा आणि मोजून.

धरणात ‘मृत साठा’ही असतो. पाणी दिसतं, पण दरवाजाच्या पातळीखाली असल्यामुळे सहज सोडता येत नाही. नांदेडच्या माझ्या एका मित्राचं तसंच झालं. दोन प्लॉट नावावर, पण कंपनीने दोन महिने पगार थकवला तेव्हा किराणा क्रेडिट कार्डवर! प्लॉट काही आठवड्यात विकला जात नाही. कार्डाचं व्याज मात्र वर्षाला ३५-४० टक्क्यांच्या घरात जातं.

म्हणून इमर्जन्सी फंड. हिशेब सोपा आहे. भाडं, हप्ता, किराणा, घरी पाठवायचे पैसे मिळून महिन्याला ३० हजार लागत असतील, तर सहा महिन्यांचे १ लाख ८० हजार. आकडा बघून दचकलात? आधी एका महिन्याचं टार्गेट ठेवा. महिन्याला ५ हजार टाकले, की सहा महिन्यांत तेवढे जमतात.

ठेवायचे कुठे? बचत खातं, ऑटो स्वीप एफडी, थोडे लिक्विड फंडात. शेअर्समध्ये नको; नोकऱ्या जातात तेव्हा बाजारही अनेकदा पडलेला असतो. बँकेतल्या ठेवींना २०२० पासून एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे. आणि हो, हेल्थ इन्शुरन्स वेगळा हवाच, नाहीतर एकच अॅडमिशन सगळा फंड गिळेल.

गोव्याची ट्रिप, नवा मोबाइल, दिवाळी सेल, यातलं काहीच इमर्जन्सी नाही. मी या पैशांसाठी वेगळं खातं काढलंय आणि ते यूपीआयला जोडलेलंच नाही. दिसलं नाही की खर्च होत नाही!

नळ सुरू आहे तोवरच टाकी भरते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पगाराचंही तसंच.