चालक प्यायलेला होता म्हणून जखमीचा हक्क बुडत नाही

वस्त्यांमध्ये काम करताना एक वाक्य आम्हाला वारंवार ऐकू येते : "गाडीवाला प्यायलेला होता, आता इन्शुरन्स काही देणार नाही." याच समजुतीपोटी कित्येक कुटुंबे दवाखान्याच्या दारातच दहा-वीस हजारांवर तडजोड करतात, कागदावर सही करतात आणि पुढच्या ऑपरेशनसाठी व्याजाने पैसे काढतात. कार्यकर्त्यांनी ही समजूत आधी स्वतःच्या मनातून काढली पाहिजे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. याच कायद्याने, कलम १४६ मध्ये, थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. थर्ड पार्टी म्हणजे पादचारी, सायकलस्वार, समोरच्या गाडीतले लोक. म्हणजे हा विमा मुळात रस्त्यावरच्या माणसासाठी आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर चालकाचे मद्यपान हा विमा कंपनीच्या बचावाचा एक मुद्दा झाला आहे, हे खरे. पण तो सिद्ध कंपनीने करायचा असतो. सिद्ध झाला तरी 'आधी जखमीला भरपाई द्या, नंतर मालक-चालकाकडून वसूल करा' असे आदेश न्यायालयांनी दिले आहेत. केरळ उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल असाच आहे. शिवाय चालक आणि मालक यांची स्वतःची जबाबदारी कायम राहतेच.

प्यायलेल्या चालकाच्या बाबतीत चित्र उलटे आहे. त्याच्या गाडीचे नुकसान विमा कंपनी नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्याच्या वैयक्तिक अपघात विम्यातही नशेचा अपवाद असतो. आणि मित्राच्या बाईकवर मागे बसणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे : पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल, तर मागे बसणाऱ्याला तिचे संरक्षण नसते.

अपघात झाल्यावर काय करावे?

• ११२ वर फोन करा. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेचे नाव घेऊनच विचारा.
• एफआयआर, पंचनामा, गाडीचा क्रमांक, विमा पॉलिसीचा तपशील आणि चालकाच्या वैद्यकीय तपासणीची नोंद पोलिसांकडे मागा.
• औषधांपासून रिक्षाभाड्यापर्यंत प्रत्येक पावती जपा. बुडालेली मजुरी, पुढचे उपचार आणि कायमचे अपंगत्व यांचीही भरपाई मागता येते.
• मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणातही तो करता येतो.
• कोणाची चूक हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. कोणते कलम फायद्याचे, हे वकिलाला विचारून ठरवा.
• गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही अडचणही सुटू शकते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज पुरतो.

आपल्या वस्तीत अपघात झाला, की आपण पहिल्या रात्री रक्त द्यायला धावतो. ते करूच. पण दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात आणि सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात त्या कुटुंबासोबत कोणीतरी उभे राहिले पाहिजे. मदतीची वर्गणी महिनाभरात संपते. जखमीचे उपचार मात्र वर्षानुवर्षे चालतात.